राजीनाम्याचं गद्य



आपल्या चळवळीत येण्याचं साहित्य रग्गड आहे. पुढारी कसा आला, कुठल्या झोपडीतून आला, कुठल्या कंदिलाखाली शिकला, पहिला मोर्चा कुठं काढला, हे सगळं आपल्याला पाठ. त्याच्यावर कवनं आहेत, गाणी आहेत, स्मरणिका आहेत. पण जाण्याचं साहित्य? पुढारी मंचावरून खाली कसा उतरला, उतरताना काय बोलला, कुणाला हिशोब दिला, ह्याच्यावर पान सापडत नाही. कारण उघड आहे. आपल्याकडं पुढारी मंचावरून उतरतच नाही. त्याला उचलून उतरवावं लागतं, आणि त्यानंतर आपण जे लिहितो त्याला मृत्युलेख म्हणतात.

ह्या लेखात मी एका मजकुराची समीक्षा करणार आहे. तो कविता नाही, कथा नाही, आत्मकथन नाही. साहित्याच्या मास्तर लोकांनी त्याला साहित्य म्हणून कधी हात लावला नाही. पण मी म्हणतो, राजकीय गद्य कसं असावं ह्याचा इतका पक्का नमुना आपल्याकडं दुसरा नाही. तो मजकूर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याबद्दल केलेलं निवेदन. त्याच्यावर तारीख आहे १० ऑक्टोबर १९५१.

आपल्या पोरांना ह्या राजीनाम्याबद्दल विचारा. शंभरातले नव्वद एकच वाक्य सांगतील : हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. पोस्टरवर हेच असतं, आठ मार्चच्या भाषणात हेच असतं. खोटं नाही ते. पण एवढंच खरं धरलं तर मजकूर वाचायची गरजच राहत नाही. आणि आपण तो वाचतही नाही. फोटो लावतो.

१

आधी घटना काय ती बघू. पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब १५ ऑगस्ट १९४७ पासून कायदामंत्री. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनाम्याचं पत्र दिलं. आता संसदेची रीत अशी की मंत्री गेला म्हंजे तो सभागृहात निवेदन करतो, का गेलो ते सांगतो. बाबासाहेब सांगायला उभे राहणार, तर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार म्हणाले, निवेदनाची प्रत आधी द्या, आणि वेळ आम्ही ठरवू तेव्हा बोला. बाबासाहेबांनी ते मानलं नाही. ते सभागृहाच्या बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांच्या हवाली केलं.

नीट बघा. ज्या माणसानं ह्या देशाला संविधानाचा मसुदा दिला, त्याला स्वतःच्या जाण्याचं कारण त्याच सभागृहात सांगता आलं नाही. म्हणजे हे भाषण झालंच नाही. लिहिलेलं भाषण, न बोललेलं. आणि म्हणूनच ते गद्य म्हणून आपल्या हाती आलं, टाळ्यांशिवाय, मध्ये कुणी ओरडल्याशिवाय.

सुरुवात कशी होते? कुठलंही मोठं तत्त्व नाही, देशाला उद्देशून हाक नाही. पंतप्रधानांनी आपल्याला बोलावून किती वर्षं, किती महिने, किती दिवस झाले त्याची मोजदाद : चार वर्षं, एक महिना, सव्वीस दिवस. गिरणीतला कामगार फॅक्टरी सोडताना सर्व्हिसचा हिशोब मांडतो ना, तसं. मला ही सुरुवात फार आवडते. ज्याला हिशोब द्यायचा असतो तो आधी तारखा टाकतो. ज्याला हिशोब बुडवायचा असतो तो म्हणतो, आयुष्यभर मी समाजासाठी झिजलो.

२

त्यानंतरची जी मांडणी आहे, तिच्याकडं मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. कारणं एकामागून एक येतात आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे.

पहिलं कारण स्वतःचं. हो, स्वतःचं. कायदा खात्याला धोरण ठरवण्यात काही किंमत नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. म्हाताऱ्या वकिलांना खेळायला दिलेला साबणाचा रिकामा खोका, असं ते त्याला विनोदानं म्हणत. त्यांनी नेहरूंना सांगितलं होतं की व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मी मजूर खातं चालवलंय, मला कारभाराचं खातं द्या. नियोजन खातं देऊ असं कबूल झालं. खातं निघालं तेव्हा बाबासाहेब बाहेर. परराष्ट्र समितीत नाहीत, संरक्षण समितीत नाहीत. अर्थविषयक समिती निघाली तर तिथंही नाव नाही. अर्थशास्त्रात कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस! पुढं त्या समितीत नाव आलं ते निषेध केल्यावर.

आपला पुढारी असं कधी लिहील का? तो म्हणेल, माझं काही नाही हो, मला पदाची हाव नाही, मी समाजासाठी चाललो. आणि मनात खातं न मिळाल्याची जळजळ. बाबासाहेब ती जळजळ पहिल्या काही परिच्छेदांत टेबलावर ठेवतात. खाती पळवण्याच्या खेळात मी कधी नव्हतो, पण माझ्यावर अन्याय होतोय हे मला जाणवलं नसतं तर मी माणूस नव्हतो, अशा अर्थाचं ते लिहितात. त्यागाचा आव नाही, रडगाणं नाही. स्वतःची तक्रार पहिल्यांदा आणि मोजकी सांगितली म्हणजे पुढची कारणं निर्मळ होतात, आत लपलेलं काही राहत नाही. हे मोठं कसब आहे, पण ते कसब म्हणून जाणवत नाही, प्रामाणिकपणा म्हणून जाणवतं.

दुसरं कारण आपलं. अनुसूचित जाती आणि मागासवर्ग. मागासवर्गीयांसाठी आयोग नेमायची तरतूद संविधानात आहे, संविधान लागू होऊन दीड वर्ष उलटलं, आयोगाचा पत्ता नाही. (तो पुढं जानेवारी १९५३ मध्ये काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला.) अस्पृश्यांवरचा जुलूम जसा होता तसाच आहे. शेकडो माणसं गाऱ्हाणी घेऊन येतात. इथं ते एक गोष्ट सांगतात, ती मला दर वेळी थांबवते. संयुक्त राष्ट्रसंघापुढं मांडायला त्यांनी अस्पृश्यांच्या परिस्थितीचं निवेदन तयार केलं होतं. पण मांडलं नाही. घटना समितीला आणि येणाऱ्या संसदेला एक संधी द्यावी म्हणून थांबले. म्हणजे ह्या माणसानं देशाला उधारी दिली होती. चार वर्षांनी वसुलीला उभा राहिला तर दाराशी प्रत मागणारा उपाध्यक्ष.

ह्याच भागातली एक ओळ आज सर्रास पळवली जाते, म्हणून इथं जरा थांबतो. बाबासाहेब म्हणतात, पंतप्रधानांचा सगळा वेळ मुसलमानांच्या संरक्षणात जातो. बस्स. इथवर तोडून हिंदुत्ववाले ती ओळ वाटत फिरतात आणि आपली काही पोरंही ती पुढं सरकवतात. अरे, पुढचं वाच ना बाबा! पुढं ते स्वच्छ म्हणतात की जिथं गरज असेल तिथं मुसलमानांना पुरेपूर संरक्षण द्यावं ह्या इच्छेत मी कुणालाही, खुद्द पंतप्रधानांनाही हार जाणार नाही. सवाल एवढाच की संरक्षण फक्त त्यांनाच लागतं का? दलितांना, आदिवासींना, ख्रिस्ती माणसांना लागत नाही का? संरक्षण वाढवून मागणारं वाक्य अर्ध्यात कापलं की संरक्षण काढून घेणारं होतं. मजकूर न वाचण्याची किंमत ही अशी असते. आपला बाप लिहून जातो आणि कात्री दुसऱ्याच्या हातात राहते.

तिसरं कारण देशाचं. परराष्ट्र धोरण, काश्मीर, पूर्व बंगाल. साडेतीनशे कोटी महसुलातले १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, ही त्यांनी दिलेली आकडेवारी. मित्र उरला नाही म्हणून सैन्य पोसावं लागतं, असा त्यांचा युक्तिवाद. काश्मीरबद्दल त्यांनी सुचवलेली फाळणीची वाट आज कुणाला पटेल, कुणाला नाही. मला हा भाग निवेदनातला सगळ्यात कमी पटणारा वाटतो. जगाची गणितं इथं फार झटपट सुटतात. पण एक लक्षात घ्या. एका दलित मंत्र्यानं फक्त दलितांच्या प्रश्नावर बोलावं, बाकी देश आमचा, ही जी वाटणी वरच्यांनी करून ठेवली होती, तिला ह्या परिच्छेदांनी सुरुंग लावला. चुकायचा हक्कसुद्धा सगळ्या देशाच्या प्रश्नावर घेतला.

चौथं कारण कारभाराचं. निर्णय समित्यांमध्ये पडद्याआड होतात, मंत्रिमंडळ फक्त नोंदणीचं कचेरीकाम करतं. हा भाग छोटा आहे, पण तुमच्या-माझ्या संघटनेला तो आरशासारखा लागू पडतो. आपल्या कार्यकारिणीची बैठक तरी वेगळी काय असते? ठराव आदल्या रात्री कुणाच्या तरी घरी झालेला असतो.

आणि पाचवं, शेवटचं, हिंदू कोड. बिल एप्रिल १९४७ मध्ये मांडलं गेलं. निवड समितीकडं गेलं, आलं, पडून राहिलं. १९५१ च्या सप्टेंबरात घाईघाईनं चर्चेला घेतलं, आधी फक्त लग्न आणि घटस्फोटाचा भाग घेऊ म्हणाले, मग चार कलमं मंजूर झाल्यावर तेही गुंडाळलं. कुणी रडलं नाही, कुणी गायलं नाही, असा त्या बिलाच्या मरणाचा ते उल्लेख करतात. नेहरूंबद्दल काय लिहितात ते महत्त्वाचं. नेहरूंची तळमळ खोटी होती असं ते म्हणत नाहीत. तळमळ खरी होती, जिद्द नव्हती, असं म्हणतात. जाणारा माणूस ज्याच्यामुळं जातो त्यालाही त्याचं माप देऊन जातो. शिवी दिली असती तर आपल्याला टाळी वाजवायला सोपं गेलं असतं. माप दिलं म्हणून सत्तर वर्षांनीही तो आरोप पुसता येत नाही.

क्रम आता पुन्हा बघा. मी, माझी माणसं, माझा देश, आमचं सरकार, आणि शेवटी सगळ्या हिंदू बायका, ज्यांच्यातल्या बहुतेकींनी त्यांना मत दिलं नव्हतं आणि ज्यांच्या घरात त्यांच्या सावलीचा विटाळ होता. लहान वर्तुळातून मोठ्या वर्तुळात. वर्गा-वर्गातली आणि स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करणं म्हंजे शेणाच्या ढिगावर महाल बांधणं, हा त्यांचा दाखला ह्या शेवटच्या भागातला आहे. एवढं सगळं सांगून झाल्यावर हा दाखला येतो, म्हणून तो लागतो. पोस्टरवर एकटा टांगला की सुविचार होतो.

३

शेवटी ते दोन शंकांची उत्तरं देतात. एक, आजारपणामुळं गेले असं कुणी म्हणू नये. तब्येत खरोखर ढासळलेली होती. १० ऑगस्ट १९५१ च्या पत्रात त्यांनीच नेहरूंना लिहिलं होतं की प्रकृती चिंतेची आहे, डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी बिल पुरं करू द्या. म्हणजे आजाराचं कारण हाताशी होतं. सन्मानानं निघायला इतकी सोपी खिडकी कुणालाही आवडली असती. त्यांनी ती स्वतःच्या हातानं बंद केली. आजारासाठी काम टाकून जाणारा मी नव्हे, असं बजावलं.

दुसरी शंका जास्त बोचरी. एवढं सगळं वाईट होतं तर इतकी वर्षं राहिलात कशाला? हा प्रश्न विरोधक विचारणार म्हणून त्यांनी आधीच स्वतःला विचारला. उत्तर असं की २६ जानेवारी १९५० पर्यंत संविधानाचं काम होतं, मग लोकप्रतिनिधित्वाचा कायदा, मतदारसंघांची आखणी. अर्धं टाकून जाणं बरोबर नव्हतं. आणि हिंदू कोडसाठी थांबणं भाग होतं. काहींना हे उत्तर पुरेसं वाटणार नाही. पण उत्तर आहे. आपल्याकडं सत्तेत पंधरा वर्षं बसून, तिकीट कापल्यावर ज्यांना स्वाभिमान आठवतो, त्यांना हा प्रश्न विचारा. ते मंचावरचा पंखा बंद का आहे ते विचारतील.

आणि गेल्यावर काय झालं? काही महिन्यांत पहिली सार्वत्रिक निवडणूक. मुंबई शहर उत्तर मतदारसंघ. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवाद्यांची युती. निकाल लागला : काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. चौदा हजार पाचशे एकसष्ट मतांनी संविधानाचा शिल्पकार पडला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. राजीनाम्याची ही किंमत होती आणि त्यांनी ती रोखीनं चुकती केली. राज्यसभेत गेले, बोलत राहिले. पण पुढची पाच वर्षं बघितली तर कळतं की ते सरकारातून बाहेर पडले ते रस्त्यावर रिकामे उभे राहायला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर. त्याच वर्षी मुंबईत राजकारणात येणाऱ्या पोरांसाठी प्रशिक्षण शाळा. फेडरेशन मोडून सगळ्यांसाठी रिपब्लिकन पक्ष काढायचा विचार. म्हणजे पक्षाचंही विसर्जन त्यांनी मनात करून ठेवलं होतं, आणि त्याच्या जागी काय येईल तेही. एकीकडून उठायच्या आधी दुसरीकडचं जोतं घातलेलं. १९३५ ला येवल्यात सांगितलं मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि एकवीस वर्षं तयारी केली. निघण्याची घोषणा आणि निघणं ह्यांच्यामधला वेळ त्यांनी कधी फुकट घालवला नाही.

४

आता आपल्याकडं येऊ. नाहीतर बाबासाहेबांची समीक्षा म्हंजे पुन्हा आरतीच होईल.

३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला. दोन वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त. पुढचे गट मोजत बसलो तर कागद संपेल. आपल्या पुढाऱ्यानं जाण्याची एक नवी रीत काढली : तो जात नाही, गट काढतो. जुन्या मंचावरून उतरायचं नाही, मंचाचीच एक फळी उपटून न्यायची आणि तिच्यावर उभं राहायचं. असं करता करता मंच कुठं गेला ते आपण बघतोच आहोत.

ह्याच्या उलट एक उदाहरण आहे आणि त्याच्याशी प्रामाणिकपणं भिडलं पाहिजे. ७ मार्च १९७७ ला राजा ढाले आणि ज. वि. पवार ह्यांनी मुंबईत दलित पँथर बरखास्त केल्याचं जाहीर केलं. १९७२ ला निघालेली संघटना. १९७४ ला ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झालेले. लोकसभेची निवडणूक तोंडावर. अशा वेळी संघटना मोडणं ह्याला धाडस लागतं. नाव विकून खाता आलं असतं, पुढं अनेकांनी खाल्लं. ढाल्यांनी खुर्ची तापवत ठेवली नाही, ह्याबद्दल त्यांना जयभीम. २०१९ मध्ये ते गेले, त्यानंतर जे लेख आले त्यातल्या फार थोड्यांनी ह्या बरखास्तीकडं नीट बघितलं.

पण माझा आक्षेप असा. मंत्रिपद बाबासाहेबांचं होतं, त्यांनी ते सोडलं. पँथर ढाल्यांची होती का? ती मुंबईत निघाली, पण १९७७ पर्यंत ती मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या वस्त्यांमध्ये गेलेली होती. तिथल्या पोरानं पोलिसाचा मार खाल्ला होता तो ढाल्यांच्या सहीवर खाल्ला नव्हता. स्वतः उठून जाणं आणि जाताना घराला कुलूप लावणं ह्या दोन गोष्टी आहेत. बरखास्ती पोरांनी मानली नाहीच. अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे ह्यांनी त्याच वर्षी भारतीय दलित पँथर उभी केली. आणि पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली, पोचिराम कांबळे मारले गेले. त्या वेळी वस्तीतल्या पोराला नाव लागत होतं, झेंडा लागत होता. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तेवढी सोळा वर्षं ज्यांनी काढली त्यांच्यासाठी १९७७ चं कुलूप लागलंच नव्हतं.

आणि त्या नव्या पँथरमधून जे पुढं सत्तेच्या दारात गेले, त्यांचं काय? ते आले कसे हे सगळ्यांना माहीत. जातील कसे हे विचारायला लागा. ह्या पिढीतल्या कुठल्याही पुढाऱ्यानं दहा पानांचं निवेदन लिहून सांगितलं आहे का की मी अमुक वर्षं, अमुक महिने, अमुक दिवस सत्तेत होतो, हे मागितलं, हे मिळालं नाही, म्हणून निघालो? मला तरी असा कागद वाचायला मिळालेला नाही.

५

म्हणून ह्या समीक्षेतून मला जे काढायचं आहे ते रोकडं आहे. जाणाऱ्याला आपण चार प्रश्न विचारू. तारखांसकट हिशोब दिला का? हातातलं काम पुरं केलं का? ज्याच्याशी भांडला त्याला त्याचं माप दिलं का? आणि किल्ली कुणाकडं ठेवली? बाबासाहेबांचं १९५१ चं निवेदन पहिल्या तीन प्रश्नांना पुरून उरतं. चौथ्याला त्यांनी १९५६ मध्ये उत्तर लिहायला घेतलं होतं, ६ डिसेंबरनं ते अर्धं ठेवलं. ते पुरं करायचं काम कुण्या एका पुढाऱ्याचं नाही, तुमचं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलंच होतं. भक्त पुढाऱ्याला उतरू देत नाही. आपले पुढारी चिकटून बसतात ह्यात निम्मा डिंक आपला आहे.

१४ एप्रिलला आपण नाचतो, ६ डिसेंबरला रडतो, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जातो. त्याच्या चार दिवस आधी १० ऑक्टोबर असतो. त्या दिवशी डीजे नको, हार नको, पाहुणा तर नकोच. शाखेत दहा पोरं-पोरी बसा आणि ते निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा, एकही ओळ न गाळता. तास दीड तास लागेल. संसदेत जे भाषण झालं नाही ते वस्तीत होऊ द्या. वाचून झालं की आपल्या शाखेच्या अध्यक्षाला विचारा, तुमची मुदत कधी संपते?

जयभीम.